दोन गावांची एक यादी

१

बन्सीधरला ज्यानं मारलं त्यानं तोंडावरचं पांघरूण बाजूला करण्याचीसुद्धा तसदी घेतली नव्हती. कोयत्याचे घाव घोंगडीवरूनच बसले होते, एकावर एक, सरपण फोडावं तसे. घोंगडीच्या चिंध्या जखमांत रुतल्या होत्या आणि बाजेची सुंभं रक्तानं काळी पडली होती. सकाळी झाडायला आलेल्या नर्मदाबाईनं चार नंबरच्या खोलीचं दार उघडं पाहिलं, आत डोकावली आणि जी बोंब मारत सुटली ती थेट जिंतूरच्या बसस्थानकावर जाऊन थांबली. तिथं बस नव्हती. सगळा आठवडा कुठलीच बस नव्हती.

नामांतर झालं त्या जानेवारीतली ही गोष्ट. विद्यापीठाच्या कमानीवर नवं नाव लागलं आणि त्या रागापायी, विद्यापीठाची पायरी कधी न चढलेल्या माणसांनी, पायरी कधी न चढलेल्या दुसऱ्या माणसांची घरं जाळली. तारा तोडल्या, खांब आडवे केले, रस्त्यांवर दगड रचले. परभणीचं जिंतूरला कळत नव्हतं आणि जिंतूरचं परभणीला. अफवांना मात्र कुठलीच तार लागत नव्हती.

फौजदार माणिकराव गिराम पाथरीचे. पोट सुटलेलं, जीभ त्याहून सुटलेली. ते आले तेव्हा, बन्सीधर जिथं नोकरीला होता त्या दुधनाकाठ बियाणे संघाच्या जिंतूर केंद्राच्या आवारात दोनतीनशे माणूस जमलं होतं आणि त्यानं तपासही पुरा करून टाकला होता. पंडित! पंडितनंच मारलं! संघाचा हा हमाल भीमनगरात राहायचा. त्याची आई सरजाबाई संघाच्या परभणीच्या गोदामात बी निवडायला होती. दंगलीत त्या गोदामामागच्या खोपटाला आग लागली आणि म्हातारी आतल्या आत जळून गेली. "एकाच्या बदल्यात एक घेईन," असं पंडित चारचौघांत ओरडला होता. जमावाला तेवढं पुरलं. माणिकरावांनी त्याला लोकांच्या हातातून ओढून काढलं तेव्हा त्याचा एक कान लोंबत होता.

बन्सीधरची आई कस्तुराबाई प्रेताच्या उशाशी बसली होती. ती रडत नव्हती. तिनं माणिकरावांकडं वर पाहिलं.

"फौजदार, सांजेला माझं लेकरू मसणात जाईल. वाट भीमनगरावरूनच हाय. माणूस दावा. तुमी न्हाई दावला तर हे लोक दावतील."

आवाराच्या भिंतीला रॉकेलचे डबे टेकवून ठेवलेले माणिकरावांनी येतानाच पाहिले होते. त्यांच्याजवळ मूठभर शिपाई होते. राखीव पोलिसांची गाडी येते येते म्हणत कुठंतरी दगडांमागं अडकली होती. सांजेच्या आत खरा मारेकरी हाती लागला नाही तर भीमनगर, त्यातली बायका-पोरं आणि कोठडीतला पंडित यांतलं काहीच उरणार नव्हतं. हे त्यांना ठाऊक होतं.

२

कोठडीत पंडित कानाला फडकं दाबून बसला होता.

"म्हनलोय की म्या, एकाच्या बदल्यात एक," तो म्हणाला. "खोटं काहून बोलू? माय जळाली मपली. पण बन्सीदादाला काहून मारू? तारा तुटल्या, गाड्या बंद. मायच्या मयतीला परभणीला जायला सायकल कोण देलती? बन्सीदादानं. वर चाक चांगलं हाय का म्हून सोता हवा भरून देलती."

"मग त्याचं वैर कुणाशी?"

"कुणाशीच न्हाई. त्यो कुणाच्या अध्यात न मध्यात."

माणिकराव चिडले. कुणाशी वैर नसलेल्या माणसाला कुणी इतके घाव घालत नाही. चोर एक घालतो नि पळतो. हे घाव रागाचे होते, भीतीचे होते, हा माणूस पुन्हा उठताच कामा नये असे होते.

"तुला त्याची खोली कुठली ते ठाऊक होतं?"

"सगळ्याइले ठाव हाय. सात नंबर."

"तो चारमध्ये मेलाय."

पंडितनं मान वर केली. "व्हय की. म्या सायकल न्यायला आलतो त्या दिवशीच अदलाबदल चालली व्हती. भरदिवसा भांडीकुंडी हिकडून तिकडं. चार नंबर आपल्या सीतारामची खोली व्हती, साहेब. परभणीहून बदलून आलाय त्यो."

माणिकराव उठून उभे राहिले. पांघरूण तोंडावर. अंधार. खोली चार. तो कोयता बन्सीधरसाठी उचललेलाच नव्हता.

३

सात नंबरचं दार उघडायला वेळ लागला, कारण आतून त्याला जातं लावलेलं होतं. सीताराम गोदामातला कारकून, तिशीचा, अंगानं काडी. मागं त्याची बायको गीताबाई बाळंतीण होती, लेकराला छातीशी धरून कोपऱ्यात बसलेली.

"चार नंबरचं दार रस्त्यावर हाय," गीताबाई म्हणाली. "लय वारं येतंय. बन्सीभाऊच म्हनले, लेकराला गार बसंल, तुमी आतल्या खोलीत या, म्या तिकडं निजतो. आमी न्हाई म्हनलो तरी आयकलं न्हाई त्याइनं." आणि तिला रडू फुटलं.

माणिकरावांनी सीतारामला विचारलं, "तुला कोण मारायला बसलंय?"

सीतारामनं जातं पुन्हा दाराला लावलं. मग खाली बघून सांगत सुटला. दंगलीच्या दिवशी तो परभणीच्या गोदामाच्या माळ्यावर लपला होता. लोक खोपटाला काडी लावून पुढं गेले. सरजाबाई दारापर्यंत आली होती, जगली असती. तेवढ्यात एक जण मागं फिरला. त्यानं तिला आत ढकललं आणि बाहेरून कडी लावली.

"आन् तिथंच हुबा ऱ्हायला, साहेब. आवाज बंद होईस्तवर. मग त्यानं वर पाह्यलं. मला पाह्यलं."

"कोण होता?"

"तोंडाला उपरणं बांधलेलं. धूर इतका. म्या न्हाई वळखलं, लेकराची आन. पण त्याला वाटतंय म्या वळखलं."

आपला कपाळमोक्ष करून घ्यावा असं माणिकरावांना वाटलं. साक्षीदार होता, आणि त्याला काही ठाऊक नव्हतं. नेमकं त्यासाठीच एक भला माणूस फुकट कापला गेला होता.

"चार नंबर मिळालं ते कुणाला माहीत होतं?"

"अध्यक्षसाहेबाइनं किल्ली देली. दिनकररावांनी. कुणाला बोलू नको म्हनले. आन् सुमनबाइनं मशीनमदी घातलं."

सुमनबाई संघाच्या जिंतूर केंद्रात संगणकावर बसायच्या. धुळीपासून वाचावं म्हणून त्या यंत्राला त्यांनी घरून जरीकाठाचं झाकण शिवून आणलं होतं. माणिकरावांना यंत्राची धास्ती. ते दोन हात लांबच उभे राहिले.

"यादी एकच, पण ठेवलीय दोन ठिकाणी," सुमनबाईंनी समजावलं. "एक परभणीच्या मशीनमधी, एक ह्या. संघातला परतेक माणूस, त्याची नेमणूक, त्याचा पत्ता. रात्री-बेरात्री यंत्र अडलं तर कुणाला कुठं उठवायचं ते कळाया पाहिजे ना? मी इथं बदल केला की परभणीला जातो, तिथं केला की इथं येतो. रोज सांजेला दोघी मशीनी फोनवर बोलून जुळवून घेत्यात."

"आणि फोनच तुटला तर?"

"मग ज्या त्या आपल्या घरी. फोन लागला की पुन्हा जुळवणी."

"एकाच माणसाबद्दल दोघी वेगवेगळं बोलायला लागल्या तर?"

"जिनं शेवटी सेव्ह केलं तिचं खरं. दुसरीचं पुसलं जातंय."

"आमच्या घरात हाच कायदा आहे," माणिकराव म्हणाले. "बरं, सीतारामची चार नंबरची नोंद परभणीला पोचली होती?"

"पोचली होती. त्याच्या दुसऱ्या दिवशी तार तुटली. अदलाबदल झाली ती त्याच्याही नंतर. ती मी इथं घातली, सीतारामला सात, बन्सीधरला चार. पण परभणीला कळायला फोन कुठाय?"

माणिकराव खिडकीशी गेले. बाहेर तिरडीचे बांबू कापले जात होते. जिंतुरात अदलाबदल सगळ्या आवाराच्या डोळ्यांदेखत झाली होती. जुन्या यादीवर विसंबून राहील असा माणूस इथला नव्हताच. मारेकरी परभणीचा होता, रात्रीत येऊन गेला होता आणि तिकडं फोन बंद होता. म्हणजे आपण कुणाला मारलं हे त्याला अजून ठाऊकच नव्हतं.

४

परभणीच्या रस्त्यावर त्यांची जीप दगड काढत काढत गेली. एका वळणावर जळालेल्या ट्रकचा सांगाडा आडवा होता, आणि त्याच्या सावलीत एक मेलेला बैल. शिपायांनी तो ओढून बाजूला केला. 

संघाचे अध्यक्ष दिनकरराव घरीच होते. भोवती कार्यकर्ते, समोर चहा. माणिकरावांनी त्यांना आत नेलं आणि सरळच विचारलं.

"सीतारामला जिंतूरला तुम्ही पाठवलं?"

"म्याच. पाय धरले त्यानं, मला परभणीत ठिवू नका म्हून. काहून ते सांगितलं न्हाई, म्या बी इचारलं न्हाई. ह्या दिवसांत अशा माणसाला इचारायचं नसतंय."

"खोली कुठली दिली?"

"चार नंबर. माझ्या हातानं किल्ली देली, फौजदार. काय झालं? मारलं का काय त्याला?"

माणिकरावांनी पुढचं विचारलं. "परभणीच्या संगणकावर कोण बसतं?"

"रंगनाथ. पण त्यो दंगलीच्या आदीच चुडाव्याला गावाकडं गेला. गाड्या बंद, तिकडंच अडकलाय. मशीनच्या खोलीच्या किल्ल्या दोनच, एक माझ्यापाशी, एक म्यानेजर व्यंकटरावांपाशी."

"तुम्हाला चालवता येतो?"

दिनकरराव हसले. "मला त्या डबड्याला हात लावायला भ्याव वाटतंय. व्यंकटरावाला येतंय. रंगनाथानं शिकवलंय त्याला. म्हातारपणी नवी बायको केल्यासारखा बसतोय त्याच्याफुडं."

दोघांपैकी एक. एकाला खोली आधीपासून ठाऊक होती, दुसऱ्याला यादी वाचता येत होती. दोघांकडंही संचारबंदीचा पास होता. माणिकराव बाहेर पडले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं, आणि व्यंकटरावांच्या घरी जायला त्यांना नको वाटत होतं. कारण शिपायानं नुकतंच कानात सांगितलं होतं, व्यंकटराव म्हणजे कस्तुराबाईचा सख्खा भाऊ. मेलेल्या बन्सीधरचा मामा.

५

व्यंकटरावांच्या दारात संघाची जीप उभी होती, लख्ख धुतलेली. गल्लीतल्या बायका पाण्याच्या एका घागरीसाठी भांडत होत्या.

व्यंकटराव झोपाळ्यावर पेपर वाचत होते. धोतर, कोट, कपाळाला बोटभर गंध. निजामाच्या अमलात त्यांचे वडील तालुक्याच्या कचेरीत साहेबापुढं कागद ठेवणारे पेशकार होते, आणि बापाची शिस्त लेकात मुरली होती. पेपर वाचून झाला तशी त्यांनी खिशातलं पेन काढलं, पानाच्या कोपऱ्यात बारीक सही केली आणि मग घडी घातली.

"हे काय?" माणिकरावांना राहवलं नाही.

"मुलाहिजा," व्यंकटरावांची बायको कमलबाई पाणी देत म्हणाली. "पाह्यलेल्या कागदावर निशाणी केल्याबगर सोडत न्हाईत. माझ्या माहेरच्या पत्रावर बी सही. लगनाच्या पत्रिकेवर बी."

"वडिलांची शिकवण," व्यंकटराव म्हणाले. "नजरेखालून गेलेलं पान कोरं मिटायचं न्हाई. हात आपसूकच जातो. बोला."

"जिंतूरच्या केंद्रात रात्री खून झाला. चार नंबरच्या खोलीत."

"अरे रे." व्यंकटरावांनी डोळे मिटले. "ह्या दंगलीनं काय काय बघायला लावलंय. म्या तर आठवडा झाला हापिसाकडं फिरकलो न्हाई. कोण व्हता?"

माणिकरावांनी त्यांच्याकडं टक लावून पाहिलं. "बन्सीधर. तुमचा भाचा."

झोपाळा थांबला.  "न्हाई," व्यंकटराव म्हणाले. "त्यो न्हाई. त्यो कसा असंल? त्याची खोली सात नंबरची." मग ते झोपाळ्यावरून घसरले आणि फरशीवर बसून त्यांनी दोन्ही हातांनी तोंड बडवायला सुरुवात केली. ओठ फुटला, रक्त धोतरावर ठिबकलं, तरी थांबेनात. कमलबाई भिंतीला धरून उभी राहिली. हे पोर तिच्या मांडीवर वाढलं होतं.

माणिकरावांना लाज वाटली. खोटं रडणं त्यांनी आयुष्यात पोत्यानं पाहिलं होतं. हे खरं होतं. त्यांनी पंचनाम्याची प्रत पुढं केली. व्यंकटरावांनी ती वाचली. घाव कुठं, किती खोल, पांघरूण कसं. वाचता वाचता त्यांचे डोळे वाहत होते. आणि वाचून झाल्यावर त्यांच्या रक्तानं भरलेल्या हातानं पेन काढलं आणि कागदाच्या कोपऱ्यात सही केली.

"बहिणीकडं न्या मला," ते म्हणाले.

६

जिंतुरात शिरताना सूर्य खाली आला होता. आवारात आता पाय ठेवायला जागा नव्हती, रॉकेलचे डबे भिंतीपासून निघून माणसांच्या हातात आले होते. व्यंकटराव जीपमधून उतरले तशी गर्दीनं वाट करून दिली. "मामा आले, मामा आले." कस्तुराबाई भावाच्या गळ्यात पडली.

तेवढ्यात सुमनबाई धावत आल्या. "साहेब, तार जोडली. दुपारीच फोन चालू झाला. मशीनं जुळवून घेतली. पण काहीतरी भलतंच झालंय, तुमी बघा."

माणिकराव आत गेले. या खेपेला ते यंत्राच्या अगदी जवळ उभे राहिले.

"मी बदल घातला होता," सुमनबाई म्हणाल्या. "सीताराम सात, बन्सीधर चार. आता बघा. बन्सीधर चारच हाय. पण सीताराम बी चार! माझा बदल पुसला गेला. यादीत दोघं बी एकाच खोलीत."

"यंत्र बिघडलं असेल."

"बिघडलं असतं तर दोघांचं बी मागं गेलं असतं. बन्सीधरचं परभणीला नीट पोचलंय. सीतारामच्या पानाला तिथं कुणीतरी हात लावलाय, अदलाबदलीच्या नंतर. तिथली जुनी नोंद त्यामुळं नवी ठरली."

"हात लावला म्हणजे? काय बदललं?"

"काईच न्हाई. तेच नाव, तोच पत्ता. नुसतं सेव्ह केलंय."

"नुसतं बघितलं तर?"

"बघून मिटलं तर काहीच होत न्हाई. आन् काही न बदलता सेव्ह कोण करंल? येड्यावाणी?"

माणिकरावांनी खिशातून पंचनाम्याची प्रत काढली. कोपऱ्यातली रक्ताळलेली सही वाळून तपकिरी झाली होती. त्यांनी ती पडद्याशेजारी धरून पाहिली. मग दारातल्या शिपायाला म्हणाले, "व्यंकटरावांना आत आण. आणि कस्तुराबाईंनाही."

व्यंकटराव आले, बहिणीच्या खांद्यावर हात ठेवून. माणिकरावांचा आवाज मऊ झाला. "मामा, तिरडी उठायच्या आधी एक बघा. सुमनबाई, बन्सीधरचं पान काढा."

पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली. बन्सीधरचं नाव, हुद्दा, खोली. व्यंकटराव खुर्चीवर टेकले. एकेक ओळ त्यांनी वाचली, ओठ हलत होते. शेवटची ओळ संपली. आणि त्यांचं बोट आपसूक सेव्हच्या कळीकडं गेलं.

माणिकरावांनी ते मनगट वरच्यावर पकडलं.

७

"सीतारामच्या पानावरपण अशीच निशाणी केलीत," ते म्हणाले. "आणि हापिसाकडं फिरकलो नाही म्हणता."

व्यंकटरावांनी हात सोडवायचा प्रयत्न केला नाही.

"ज्यानं खोपटाची कडी लावली त्याला सीताराम कुठं गेला हे शोधायचं होतं," माणिकराव बोलत गेले, घाईनं, कारण बाहेर घोषणा सुरू झाल्या होत्या. "दिनकररावांना शोधायचं कारण नव्हतं, किल्ली त्यांनीच दिली होती. रंगनाथ चुडाव्यात. शोधायला जाईल, यादी उघडील आणि बघून झाल्यावर सवयीनं सेव्ह करील, असा माणूस एकच. तुम्ही चार नंबर वाचलंत. तार तुटलेली, म्हणून खोल्या बदलल्याचं तुमच्या यादीला कळलं नव्हतं. रात्री जीप काढलीत. तोंडावर पांघरूण होतं. ते काढून बघायचा धीर झाला नाही तुम्हाला."

"दादा?" कस्तुराबाई म्हणाली.

व्यंकटराव बहिणीकडं बघेनात. "त्यानं मला पाह्यलं व्हतं," ते पडद्याकडं बघून म्हणाले. "माळ्यावरून. उद्या कोर्टात हुबा ऱ्हाऊन माझं नाव घेतलं असतं त्यानं."

"त्यानं तुम्हाला ओळखलंच नव्हतं," माणिकराव म्हणाले. "धूर होता."



"आन् त्या म्हातारीनं काय केलतं तुजं?" कस्तुराबाईनं विचारलं. तिचा आवाज फार हळू होता. "सरजाबाईनं? तुझ्या गोदामात जलमभर बी निवडलं तिनं."

"सगळेच करायलते," व्यंकटराव म्हणाले. "त्या दिशी सगळेच करायलते, कस्तुरे. म्या बी..."

 कस्तुराबाईनं पायातली वहाण काढली आणि भावाच्या तोंडावर मारली. एकदा, दोनदा, फुटलेला ओठ पुन्हा फुटेपर्यंत. सुमनबाईंनी तोंड फिरवलं. माणिकरावांनी कस्तुराबाईला अडवलं नाही. मग तिनं वहाण तिथंच टाकली आणि एक पाय अनवाणी तशीच बाहेर गेली. माणिकराव तिच्यामागं धावले. सगळं हातातून गेलं असं त्यांना वाटलं, कारण गर्दी फाटकाबाहेर सरकायला लागली होती आणि पुढच्यांनी पलिते पेटवले होते.

कस्तुराबाई तिरडीपुढं जाऊन उभी राहिली. तिनं हात वर केला नाही, ओरडली नाही. पण तिरडीवरचा मुलगा तिचा होता, म्हणून लोक गप्प झाले.

"माझ्या बन्सीला मपल्या भावानं मारलं," ती म्हणाली. "व्यंकटरावानं. आत बसलाय, कबूल हाय त्याला. सरजाबाईला बी त्यानंच आत कोंडून जाळलं."

कुणी हललं नाही. मागून कुणीतरी म्हणालं, "फौजदारानं पढवलंय हिला." एक जण हसला. पलिता घेतलेला एक दांडगा गडी भीमनगराच्या वाटेला लागलाच होता. कस्तुराबाईनं त्याला गाठलं आणि त्याच्या दुसऱ्या हातातला डबा धरला.

"कुठं चाललास? बदला घेयाचाय ना माझ्या लेकराचा? मंग तिकडं काहून? परभणीला जा. माझ्या माहेराला काडी लाव. म्या वाट दावते. आत मपली भावजय हाय, लेकरं हाईत. दाराची कडी भाईरून म्या लावते. तुमी नुसतं हुबं ऱ्हावा, त्यो ऱ्हायला तसं, आवाज बंद होईस्तवर. चला! चल की रं! कोण कोण येतंय?"

तो गडी डबा सोडीना आणि पुढंही जाईना. त्याची मान खाली गेली. तिनं डबा हिसकला तसं रॉकेल दोघांच्या पायांवर सांडलं, आणि पलिता हातात असलेला तो माणूस घाबरून मागं सरला. त्यानं पलिता मातीत खुपसला. मग दुसऱ्यानं. डबे भिंतीशी परत गेले नाहीत. लोकांनी ते जिथल्या तिथं खाली ठेवले, आपले नव्हतेच असे.

तिरडी उठली. कस्तुराबाई माणिकरावांपाशी येऊन थांबली. आता तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं तिला भान नव्हतं.

"त्या पंडितला सोडा, साहेब," ती म्हणाली. "त्याच्या मायची राख अजून निवली नसंल."

माणिकरावांनी शिपायाला किल्ली दिली आणि पळत जा म्हणून सांगितलं.